क नंबरची फांदी

आज दुपारी चारच्या सुमारास शेवटच्या पाकिटावर लाख टपकली, तिच्यावर मी पितळी शिक्का दाबला आणि सुटले. बाहेरचे परीक्षक, ज्यांना आम्ही सगळे एक्स्टर्नल म्हणतो, हात धुऊन बसस्टँडकडे गेले. प्रयोगशाळेत जळक्या लाखेचा, स्पिरिटचा आणि सुकत चाललेल्या पानांचा मिळून एक वास असतो, तेवढा मागे राहिला. मी चपला काढून पाय स्टुलावर ठेवले. खिडकीबाहेर पळस फुललाय. गेले आठ दिवस तो तिथेच फुलत होता म्हणे. मला वेळ कुठे होता बघायला!

लोकांना उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच ऋतू असतात. आम्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांना चौथाही असतो, प्रात्यक्षिक परीक्षेचा. शिवारात हरभरा वाळून खडखडायला लागतो, गव्हाच्या ओंब्या रंग बदलतात, दुपारचं ऊन चटके देतं आणि पहाटे मात्र स्वेटर सुटत नाही, तेव्हा नोटीस बोर्डावर वेळापत्रक लागतं. मग पोरापोरींच्या बोटांना सॅफ्रानिन या रंगाचा लाल डाग पडतो, तो होळीपर्यंत जात नाही. होळीत तो कुणाच्या लक्षात येत नाही, एवढाच त्यावर उपाय.

डोणगावात माझ्या शेजारी राहणाऱ्या काकूंना कॉलेजची नोकरी म्हणजे फार सुखाची वाटते. "दोन तास बोलाचं अन् घरी याचं. मजा हाये तुमची!" मी वाद घालत नाही, कारण मजा आहेच. फिजिक्सचे दाभाडे सर रिकाम्या तासाला सगळ्या स्टाफचे मिक्सर दुरुस्त करतात आणि प्रत्येक मिक्सरमागे एक स्क्रू उरवतात. तो स्क्रू ते प्रामाणिकपणे कागदात बांधून मिक्सरबरोबर परत देतात. माझा छंद त्यामानानं गरीब आहे. दर रविवारी एक पान आणायचं आणि पेन्सिलीनं त्याचं चित्र काढायचं. सव्वीस वर्षं हे चाललंय, त्यामुळे झाडं आपल्याला ओळखता येतात असा माझा पक्का समज होता. सात वर्षांपूर्वी याच हंगामात एका फांदीनं तो मोडला. लाखेचा वास आला की दर वर्षी मला ती फांदी आठवते.

आमच्या परीक्षेत स्पॉटिंग नावाचा प्रकार असतो. लांब टेबलावर दहा नमुने मांडायचे, प्रत्येकापुढे अ, ब, क, ड अशी चिठ्ठी. मुलांनी एकेका नमुन्यापुढे दोन मिनिटं उभं राहून त्या वनस्पतीचं नाव आणि कूळ लिहायचं, घंटा वाजली की पुढे सरकायचं. नावाला एक गुण, कुळाला एक. आदल्या दिवशी मी उत्तरांचा कागद तयार करायचे. तयार करायचे म्हणजे काय, तर मागच्या वर्षीच्या कागदावरची तारीख बदलायचे. अ जास्वंद, ब सदाफुली, क बाभूळ, ड धोतरा, असा तो पुढे जायचा. आधी उत्तरं लिहून व्हायची, मग त्या उत्तरांना साजेशा फांद्या तोडून आणायच्या. हे उलट करावं असं अकरा वर्षांत माझ्या मनात आलं नाही. चालत होतं की!

त्या वर्षी दिवाळीत कॉलेजमागची बाभूळ सायकल स्टँडसाठी तोडली गेली. म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी डोणगावहून स्कूटीवर येताना मी रस्त्याकडेच्या एका झाडाची फांदी मोडून घेतली. बारीक पानं, जोडीजोडीनं सरळ काटे. उशीर झाला होता, त्यात काटा बोटात गेला. बोट तोंडात धरून फांदी डिकीत कोंबली आणि कॉलेजात आल्यावर क च्या चिठ्ठीमागे बाटलीत उभी केली. कागदावर बाभूळ लिहिलेलं होतं, म्हणजे ती बाभूळ होती.

अर्चना सरकटे त्या वेळी सेकंड इयरला होती. हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका खेड्यातून ती बसनं यायची. घरची तूर सोंगायला माणसं मिळेनात म्हणून महिनाभर आली नाही, त्यामुळे तिचं जर्नल अर्धवट. आणि जेवढं होतं त्यात शेडिंग! पेन्सिल घासायची आणि बोटानं पसरवायची, की देठ कसा गोल गरगरीत दिसतो. आमच्या शास्त्रात ते चालत नाही. सावली दाखवायचीच तर ठिपक्यांनी, एकेक ठिपका देऊन. मी तिचं जर्नल तीनदा परत केलं.

"काऊन नाही चालत म्याडम? चांगली तं दिसते."

"चांगली दिसावी म्हणून नाही काढत आपण. ठिपके दे."

तिसऱ्यांदा जर्नल उचलताना ती हळूच म्हणाली, "म्याडम, बाबा म्हणतात एक वर्ष जरी गेलं तं कॉलेज बंद. मी पास होईन ना?" प्रात्यक्षिकात नापास झालं की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबायचं, हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "ते तुझ्या हातात आहे." आणि जर्नलला दहापैकी तीन गुण दिले. तेव्हा मी अशीच होते. आता फार बदलले आहे असंही नाही.

परीक्षेच्या दिवशी ती क पुढे आली तेव्हा मी हातात घंटा घेऊन उभी होते. तिनं वाकून पानं पाहिली. मग नखानं फांदीची साल जराशी खरवडली आणि वास घेतला.

"नमुन्याला हात लावायचा नाही!" मी खेकसले. नियमच आहे तसा. बाकीचे बावीस जण मात्र गुणी. त्यांनी क कडे धड पाहिलंही नाही, भराभर लिहिलं आणि घंटेची वाट बघत उभे राहिले. मला त्यांचं कौतुक वाटलं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

एक्स्टर्नल म्हणून खामगावचे गावंडे सर आले होते. उंच, थकल्या चेहऱ्याचे, बोलायला तिखट. त्यांना एक छंद होता. बसच्या खिडकीतून जी झाडं दिसतील त्यांची नावं ते तिकिटाच्या पाठीवर लिहायचे आणि घरी जाऊन तिकिटं वहीत चिकटवायचे. सकाळी चहा पिताना त्यांनी मला ते दाखवलं होतं. असा माणूस आणि अशी मी, दोघं तोंडी परीक्षेला बसलो होतो. अर्चना समोर आली.

"क काय होतं?" सरांनी विचारलं.

"हिवर, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तरांच्या कागदाकडे पाहिलं. फांदी तीन हातांवर उभी होती, तिच्याकडे दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

"बाभूळ आहे ती," मी म्हटलं.

"खेड्यातली पोरगी तू, अन् तुले बाभूळ येत नाही ओळखता?" गावंडे सर म्हणाले.

"बाभूळ तं रोजच दिसते सर. हिवरही दिसतो. म्हणून तं..."

"पुढचा प्रश्न घ्या सर," मी घड्याळ बघत म्हटलं. पुढच्या प्रश्नांची उत्तरं तिनं अर्धवटच दिली.

बेरजा झाल्या. पन्नासपैकी वीस लागतात. अर्चनाचे एकोणीस झाले. गावंडे सरांनी पेन थांबवलं. "जर्नलात एक वाढवता काय म्याडम? पोरगी कष्टाळू दिसते." मी म्हटलं, "जर्नलचे गुण जर्नलचे, सर. आज हिला वाढवला तर उद्या सगळ्यांना वाढवावा लागेल." आपण किती तत्त्वाच्या, असं मला त्या क्षणी वाटलं होतं. सह्या झाल्या, पाकीट बंद झालं, लाख टपकली. सर पाकीट बॅगेत ठेवून स्टँडकडे गेले. ते त्यांनीच संध्याकाळी जमा करायचं होतं. मी आजच्यासारखेच पाय स्टुलावर ठेवले आणि आजच्यासारखाच मोठा श्वास सोडला.

शंकरभाऊ टेबल आवरत होते. ते आमचे प्रयोगशाळा परिचर. वीस वर्षं त्याच टेबलावरचा पाला उचलत आलेले.

"म्याडम, हे हिवराची फांदी नेऊ का बकरीले?"

"न्या. आणि ती बाभूळ आहे शंकरभाऊ."

शंकरभाऊ हसले. मी गंमत करतेय असंच त्यांना वाटलं. "काय म्हणता म्याडम! बाभूळ काळी असते. हिचं सालटं पाहा ना, पांढरं हाये."

मी पाहिलं. सकाळी तोडली, डिकीत घातली, बाटलीत उभी केली, दिवसभर तिच्यापुढे घंटा वाजवली, आणि पाहिली ती तेव्हा पहिल्यांदा. फिकट, पांढुरकी साल. एकोणीस वर्षं दर रविवारी पानं काढत आलेल्या बाईसमोर सरळ सरळ हिवर उभा होता. आणि सालीवर एका नखाची बारीक खूण होती.

अंगातला ॲप्रन तसाच ठेवून मी फांदी हिसकावली आणि स्कूटी काढली. पाकीट एकदा जमा झालं की मग अर्ज, समिती, खुलासा, आणि तोवर पोरीचं वर्ष संपलेलं. खोटं कशाला सांगू, स्टँडच्या अर्ध्या वाटेत मी गाडी हळू केली. कुणाला कळणार होतं? मी फांदी परत नेऊन दिली असती तर शंकरभाऊंच्या बकरीनं पुरावा संध्याकाळपर्यंत खाऊन टाकला असता. उद्या कॉलेजभर होईल, बॉटनीच्या म्याडमना बाभूळ कळत नाही. हे सगळं मनात आलं. पायाशी फांदी आडवी होती आणि तिचे काटे साडीत अडकत होते. मी पुन्हा वेग वाढवला. मोठं मन वगैरे काही नाही, त्या नखाच्या खुणेकडे बघवत नव्हतं.

खामगावची बस सुरू होऊन घरघरत होती. कंडक्टर टपरीवर चहा पीत होते. त्या चहाचं पुण्य मला सात वर्षं पुरलंय. गावंडे सर खिडकीशी बसले होते, हातात तिकीट आणि पेन. मी खालून फांदी वर केली.

"सर, क."

त्यांनी फांदी हातात घेतली. या वेळी त्यांनी ती पाहिली. फिरवून पाहिली, अर्चनाच्या नखाच्या खुणेशेजारी स्वतःचं नख लावलं आणि वास घेतला.

"हिवर," ते म्हणाले. "म्याडम, तीस वर्षं खिडकीतून झाडं पाहून राह्यलो मी. अन् टेबलावरचं नाही पाहिलं."

त्यांनी वरच्या फळीवरची बॅग काढली आणि उतरायला लागले. कंडक्टर चहाचा ग्लास हातात घेऊन धावत आले. "ओ सर, तिकीट फाटलं तुमचं. उतरता काऊन?"

"झाड चुकलं," सर म्हणाले.

"झाड? इथं कुठलं झाड?"

प्रयोगशाळेत परत येऊन आम्ही पाकीट फोडलं. दाभाडे सर आपल्या स्पिरिटच्या दिव्यासह आले. काय झालं म्हणून त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, लाख वितळवायला बसले. तेवीस उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. बावीस जणांनी बाभूळ लिहिली होती. कूळ दोन्हींचं एकच, त्यामुळे तो गुण राहिला, नावाचा गेला. नापास कुणी होत नव्हतं, पहिल्या येणाऱ्या मुलाचाही फक्त एक गुण गेला. एका उत्तरपत्रिकेवर हिवर होतं, वळणदार अक्षरात, आणि पुढे कूळही बरोबर. नाव चूक म्हणून कूळही न वाचता मी मारलेली फुली खोडून दोन गुण लिहिले. एकोणीसचे एकवीस झाले. खोडलेल्या जागी आम्ही दोघांनी सह्या केल्या. माझी सही वाकडी आली. दाभाडे सरांनी लाख टपकवली आणि मला रडूच कोसळलं. दुःखाचं नव्हतं ते. छातीवरचा दगड उतरल्यावर माणसाला काय करावं कळत नाही, तसलं होतं. गावंडे सरांची पुढची बस दोन तासांनी होती. तेवढ्यात आम्ही चौघांनी, शंकरभाऊ धरून, मिरचीची भजी खाल्ली. निघताना सरांनी तिकिटाच्या पाठीवर लिहिलं, "हिवर, एक. म्याडमच्या हातात."

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी अर्चनाला बोलावलं. गुण सांगायचे नसतात, ते सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, "ती फांदी हिवराचीच होती. चूक माझी झाली."

ती खूष होईल, निदान हसेल, असं वाटलं होतं. ती उभ्या उभ्या खुर्चीला टेकली आणि म्हणाली, "खरंच म्याडम?"

"खरंच."

"काल बसमधून उतरून मी घरी नाही गेली. आधी धुऱ्यावर गेली. आमच्या वावराच्या धुऱ्यावर हिवर हाये म्याडम, आज्यानं राखलेला. त्याच्या खाली बकऱ्या चारत मोठी झाली मी. त्याले हात लावून पाह्यलं, सालटं काढून पाह्यलं. तुम्ही दोघंही बाभूळ म्हणाले ना. मले वाटलं, इतक्या दिवसाचं आपलंच चुकून राह्यलं का काय."

दोन गुणांची चूक मी खोडू शकत होते, शेजारी सही करू शकत होते. पण एक मुलगी भर उन्हात आपल्याच शेताच्या बांधावरच्या झाडाकडे संशयानं बघत उभी राहिली होती, आणि ते मी केलं होतं. कागद बघून. शंकरभाऊंची बकरी नसती तर ती जन्मभर तशीच त्या झाडाखालून गेली असती. हे आठवलं की अजून घाम फुटतो, आणि लगेच हायसं वाटतं. बस गाठल्यावर वाटलं होतं त्याहून जास्त हायसं, तिचं ते "खरंच म्याडम?" ऐकून वाटलं होतं.

बाकीच्या बावीस जणांना मी वर्गात विचारलं, न बघता बाभूळ कशी लिहिलीत रे? आधी सगळे बुटांकडे बघायला लागले. मग एक जण म्हणाला, "सीनियर लोकं यादी देतात म्याडम. तुमची यादी दर वर्षी तेच राह्यते." दहा नावांचा कागद, वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलेला. रागवायचं तरी कुणाला? मी कागद बघून झाड ओळखत होते, ती पोरं कागद पाठ करून ओळखत होती. शिष्य माझेच होते.

तेव्हापासून मी आधी फांद्या तोडते आणि त्या टेबलावर मांडून झाल्यावर, एकेकीकडे बघत, उत्तरांचा कागद लिहिते. यादी दर वर्षी बदलते. नमुन्याला हात लावायला परवानगी आहे, त्यामुळे शेवटच्या मुलापर्यंत जास्वंदीच्या पाकळ्या उरत नाहीत, शंकरभाऊ कुरकुरतात. रविवारची पानं मी अजून काढते, फक्त आता झाडाखाली बसून. अर्चना पास झाली. पुढच्या वर्षीचं तिचं जर्नल पूर्ण होतं आणि त्यात ठिपके होते. ती आता चिखलीकडे एका शाळेत विज्ञान शिकवते असं कळलं.

आज सगळे गेल्यावर परत द्यायची जर्नलं चळतीत लावत होते. एका जर्नलातून घडी घातलेला कागद खाली पडला. उचलून पाहिलं तर यादी! झेरॉक्सची झेरॉक्स, पुसट, दहा ओळींची. पण दर वर्षी कुणीतरी त्यातलं एकेक नाव खोडलेलं, वेगवेगळ्या शाईनं, कारण यादी आता उपयोगाची राहिलेली नाही. जास्वंद खोडलेली, सदाफुली खोडलेली, धोतरा खोडलेला. एकच ओळ कुणी खोडली नव्हती. बाभळीच्या जागी हातानं लिहून मग झेरॉक्स झालेली होती ती, वळणदार अक्षरात:

"क – पाहून लिहजा. म्याडमचा भरवसा नाही."

मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारी बोटभर एक फांदी काढलेली होती, जोडीजोडीनं काटे असलेली. मी कागद खिडकीशी धरला. सालीवरची सावली ठिपक्यांची होती, एकेक ठिपका देऊन केलेली. बोटानं कुठेही पसरवलेली नव्हती.

कागदाची घडी घातली आणि ज्या जर्नलात होता त्यातच परत ठेवून दिला.